समजून घ्या : एका तोफेसाठी मृत्यूशी झुंजलेले हवालदार उमराव सिंग कोण होते?

घाटाखालून घाटावर, तेही रस्ता नसताना तोफ न्यायची कशी? बुलढाणेकरांना या प्रश्नातली अडचण वेगळी सांगायला नको. त्यावर ब्रिटिश भारतीय लष्कराचे उत्तर होते ३.७ इंची पहाडी हॉवित्झर. १९१७ मध्ये सेवेत आलेली ही तोफ दोन महायुद्धांमधल्या काळात वायव्य सरहद्दीवर मुख्य आधार ठरली. तिचे भाग सुटे करून ८ खेचरांवर लादत. गोळा सुमारे ९ किलोचा आणि पल्ला सुमारे ५.४ किलोमीटर.

सैन्यात कधी आले?
उमराव सिंग यांचा जन्म १९२० मध्ये आजच्या हरियाणातील पलडा गावात झाला. १९३९ मध्ये ते तोफखान्यात भरती झाले आणि पुढे हवालदार झाले.

त्या रात्री काय घडले?
१५-१६ डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातील कलादान खोरे. दीड तासाच्या भडिमारानंतर जपानी सैनिक त्यांच्या तोफेवर चालून आले. हातबॉम्बने जखमी होऊनही उमराव सिंग यांनी साथीदारांसह हल्ले परतवले. एकेक साथीदार पडत गेला, दारूगोळा संपला. तेव्हा त्यांनी तोफ हलवण्याचा लोखंडी दांडा उचलला आणि तिघांना लोळवले. सहा तासांनी ते तोफेशेजारी बेशुद्ध सापडले, भोवती १० जपानी सैनिकांचे मृतदेह होते. तोफ शाबूत होती. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडली.

पुढे काय झाले?
त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे भारतीय तोफखान्याचे ते एकमेव जवान. निवृत्तीनंतर मात्र थोडी शेती आणि तुटपुंजी पेन्शन यावर घर चालले. पदकासाठी मोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, पण सोबत लढताना मेलेल्यांचा तो अपमान होईल म्हणून त्यांनी ते विकले नाही. १९९५ मध्ये लंडनमध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांच्यापुढे त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉसच्या पेन्शनचा प्रश्न मांडला. त्यानंतर ती वाढली. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी नाते काय?
भारतीय तोफखाना आपला स्थापना दिवस २८ सप्टेंबरला साजरा करतो. १८२७ मध्ये याच दिवशी मुंबईच्या तोफखान्यात उभी राहिलेली तुकडी पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. उमराव सिंग याच पहाडी परंपरेतले.