पंडिता रमाबाई : भय आणि अभय

आम्हां कलकत्तेकर मराठी मंडळींना या शहराशी आपले नाते सांगताना पंडिता रमाबाईंचे स्मरण प्रथम व्हावे, हे स्वाभाविकच आहे. 'पंडिता' ही पदवी त्यांना मिळाली ती याच नगरीत. १८७८ साली त्या थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह येथे आल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही अविवाहित ब्राह्मणकन्या अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून येथील विद्वज्जन थक्क झाले. विद्यापीठाच्या सिनेट सभागृहात त्यांचा गौरव झाला आणि 'सरस्वती' हे बिरुदही त्यांना लाभले. ती जुनी वास्तू आज उभी नाही.

परंतु या सन्मानामागे केवढे दुःख दडलेले होते! त्यांचे पिताजी अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून सनातन्यांचा रोष पत्करला. पुढे तीर्थयात्रा व पुराणकथन करीत हे कुटुंब देशभर हिंडले. देव प्रसन्न व्हावेत म्हणून जवळचे होते-नव्हते ते दानधर्मात गेले; आणि दुष्काळ आला तेव्हा घरात अन्नाचा कण नव्हता. मोलमजुरी करणे कमीपणाचे, भीक मागण्याची लाज. आई, वडील, बहीण, एकामागून एक सारी गेली. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा ठेंगण्या रमाबाईंना आपला भार डोक्यावर घेऊन दूरच्या स्मशानापर्यंत चालावे लागले. व्रत चुकले तर काय होईल, देव कोपला तर काय होईल, या धास्तीतच त्यांचे बालपण सरले होते.

त्या धास्तीस पहिला तडा कलकत्त्यातच गेला, असे आमचे मत आहे. पडदानशीन स्त्रियांना धर्म सांगावा, अशी येथील प्रतिष्ठितांनी त्यांना विनंती केली. त्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या आणि स्त्रीला तेथे स्वतंत्र मोक्षमार्गच नाही, हे पाहून अस्वस्थ झाल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. ख्रिस्ती मंडळींचा मेळावाही बहीणभावंडांनी येथेच प्रथम पाहिला. माणसे खुर्च्यांपुढे गुडघे टेकतात, तेव्हा ही खुर्च्यांचीच पूजा असावी, असे त्यांना वाटले! भेट मिळालेले संस्कृत बायबल त्यांना उमगले नाही.

१८८० साली ढाक्यास श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला आणि सिलचर येथे संसार मांडला. तेथे पतीच्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. पदरी तान्ही मनोरमा, आणि वय तेवीस.

पुण्यास आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघाताने रमाबाई इतक्या खचल्या की, ऑक्सफर्डला माक्स म्युलर यांच्या घरी रात्री त्यांच्या खोलीत एका दासीस झोपवावे लागे, असे त्या पंडिताने आठवणींत नमूद केले आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. धर्मांतराविषयी आपल्या वाचकांत दुमत असणारच. तथापि, नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांपुढेही या बाईंनी मान तुकविली नाही. पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या अडून बसल्या. क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा हट्ट होता.

अर्थात बाप्तिस्म्याने मनःशांती लगेच लाभली नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अद्याप मिळालेला नाही, हे आपणांस आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. आपल्या पुण्याईने नव्हे, तर त्याच्या कृपेने आपण मुक्त आहोत, अशी खात्री पटली, तेव्हा बालपणापासूनचे ते ओझे उतरले. १८८९ साली मुंबईत उघडलेले व पुढे पुण्यास नेलेले शारदासदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपाने हादरले. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

खरी कसोटी पुढेच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे उपासमारीने मरू लागली. ज्या भुकेने आपले घर गिळले, तिच्याच तोंडात रमाबाई आपण होऊन गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर झोपड्या घालून ठेवले. त्याच 'मुक्ती' सदनात १९०० च्या दुष्काळानंतर दोन हजारांच्या घरात जीव सांभाळले जात होते. पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयीही त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले; ते गव्हर्नरांस मुळीच रुचले नाही.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२१ साली मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांनी सिद्ध केलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे तेथल्याच स्त्रियांनी जुळविले होते.