तुमच्या क्वेरीतला मर्केटर

जवळची रक्तपेढी शोधून देणारं ॲप तुम्ही प्रोजेक्टसाठी केलं असेल, किंवा हॅकेथॉनमध्ये कुणाला करताना तरी पाहिलं असेल. डेटाबेस पोस्टजीआयएस. त्यात एसटी_डीविदिन नावाचं फंक्शन आणि अट साधी, दहा किलोमीटरच्या आतल्या पेढ्या दाखव. यादी येते, एरर नसतो, सगळे खूश. पण ठिकाणं ३८५७ या क्रमांकाच्या नकाशापद्धतीत साठवलेली असतील, तर तुमचे दहा किलोमीटर मुंबईत साडेनऊच्या आसपास भरतात आणि श्रीनगरमध्ये जेमतेम सव्वाआठ. म्हणजे श्रीनगरमधली नऊ किलोमीटरवरची पेढी यादीत येतच नाही. रात्री दोन वाजता रक्त शोधणाऱ्याला हे कळणार कसं?

या गडबडीमागे ज्याचं नाव आहे, तो माणूस १५१२ साली जन्मला. आणि खरं सांगायचं तर चूक त्याची नाहीच.

गेर्ट डी क्रेमर हे त्याचं मूळ नाव. फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या, रूपेलमोंड गावचा. वडील जोडे शिवायचे. ते लवकर गेले. पाद्री असलेल्या एका नातेवाइकाने त्याला शिकवलं. १५३० साली लूव्हेन विद्यापीठात नाव घातलं तेव्हा रजिस्टरमध्ये त्याची नोंद गरीब विद्यार्थी अशीच झाली. क्रेमर म्हणजे व्यापारी. शिकलेल्या लोकांत तेव्हा लॅटिन नाव लावायची फॅशन होती, आपण हँडल बदलतो तशी. व्यापाऱ्याला लॅटिनमध्ये मर्केटर म्हणतात. तो झाला गेरार्डस मर्केटर.

१५३२ मध्ये पदवी मिळाली आणि लगेच डोक्यात भुंगा शिरला. विद्यापीठ ॲरिस्टॉटल शिकवायचं, चर्च बायबल सांगायचं आणि जगाच्या उत्पत्तीबाबत दोन्ही जुळेनात. तो काही काळ अँटवर्पला निघून गेला. परतला तो गेमा फ्रिसियस या गणितज्ञाकडे. तिथे गणित शिकला, तांब्याच्या पत्र्यावर कोरायला शिकला आणि गुरूबरोबर पृथ्वीगोल बनवू लागला. त्याचं अक्षर इतकं देखणं की १५४० मध्ये तिरप्या लॅटिन अक्षरांच्या वळणावर त्याने पुस्तकच काढलं. पुढच्या वर्षी स्वतःचा पृथ्वीगोल काढला आणि त्यावर खलाशांसाठी वळत जाणाऱ्या रेषा आखल्या. या रेषा लक्षात ठेवा.

त्या वेळी जहाज होकायंत्रावर चालायचं. एकच दिशा धरून सरळ जात राहिलात, तर गोलावर तुमचा मार्ग वळत वळत ध्रुवाकडे सरकतो. सपाट कागदावर तो सरळ दिसेल असा नकाशा मात्र कुणाकडे नव्हता.

पण नकाशाच्या आधी तुरुंग आला. १५४४ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून लूव्हेनमध्ये धरपकड झाली. यादीत मर्केटरचंही नाव होतं. त्याच्याच गावच्या, रूपेलमोंडच्या किल्ल्यात त्याला सुमारे सात महिने डांबलं. त्या धरपकडीतल्या काहींना देहदंड झाला. मर्केटरसाठी विद्यापीठाने शब्द टाकला, पुरावाही सापडला नाही, म्हणून तो सुटला. घरी बायको बार्बरा आणि मुलं होती. हा माणूस पुढे तोलूनमापून लिहायचा त्याचं मूळ इथे असावं, असं आपलं मला वाटतं.

१५५२ मध्ये कुटुंबासह तो जर्मनीतल्या डुइसबर्गला गेला आणि तिथेच राहिला. तिथेच १५६९ मध्ये अठरा कागदांवर छापलेला, सुमारे दोन मीटर लांबीचा त्याचा जगाचा नकाशा आला. युक्ती अशी होती: रेखांश समांतर काढले की विषुववृत्तापासून दूरचा प्रदेश पूर्व-पश्चिम ताणला जातो. मर्केटरने तो तितकाच उत्तर-दक्षिणही ताणला. आता होकायंत्राची दिशा पट्टीने आखता येते. बदल्यात अंतर आणि क्षेत्रफळ गेलं. आफ्रिका ग्रीनलँडच्या जवळपास चौदा पट आहे, या नकाशावर दोन्ही सारखेच वाटतात.

त्याला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच अंतर कसं मोजायचं याची रीत त्याने त्याच नकाशावर, वेगळ्या चौकटीत छापली. आपण नकाशा घेतला, चौकट सोडून दिली.

ताणायचं किती, याचं गणित एडवर्ड राइट या इंग्रजाने १५९९ मध्ये नीट मांडलं. तोवर मर्केटर नव्हता. शेवटची चार वर्षं अर्धांगवायूने जर्जर होऊन २ डिसेंबर १५९४ रोजी तो गेला. नकाशांच्या ज्या संग्रहाला त्याने ॲटलास हे नाव दिलं, तो पुढच्या वर्षी मुलाने, रुमोल्डने, पूर्ण करून छापला.

२००५ मध्ये गूगल मॅप्सने जवळजवळ हाच नकाशा घेतला. अधिकृत क्रमांक नव्हता, म्हणून प्रोग्रॅमरनी गमतीने ९००९१३ ठेवला. आकडे इंग्रजीत लिहून पाहा, गूगल वाचता येतं. पुढे तो ३८५७ झाला.

आता तुमचं ॲडॉप्टर. डेटाबेसमधून बिंदू येतो तो ०१०१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक माळेसारखा आणि पद्धतीचा क्रमांक, म्हणजे एसआरआयडी, त्या माळेतच ओवलेला असतो. नेहमीच्या ॲडॉप्टरला ती नुसती स्ट्रिंग वाटते. स्वतः ॲडॉप्टर लिहिताना अक्षांश-रेखांश उचलले आणि क्रमांक गाळला, तर परत पाठवलेला बिंदू शून्य क्रमांकाचा होतो आणि पोस्टजीआयएस मिश्र एसआरआयडीची तक्रार करतं. ती गप्प करायला कुणीतरी एसटी_सेटएसआरआयडी लावून ३८५७ ठोकतं. पण हे फंक्शन फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. मग पुणे थेट आफ्रिकेजवळच्या समुद्रात, विषुववृत्त आणि ग्रीनिच रेषा मिळतात तिथून शंभर मीटरच्या आत! आकडे बदलायचे तर एसटी_ट्रान्सफॉर्म.

स्क्रीनवर नकाशा दाखवायला ३८५७ छान. अंतरासाठी मात्र ठिकाणं ४३२६ मध्ये ठेवा आणि कॉलम जिऑग्राफी प्रकारचा करा, किंवा स्थानिक पट्ट्यात बदला: मुंबई-पुण्याला ३२६४३, नागपूरला ३२६४४. या पट्ट्यांच्या पद्धतीचं नाव आहे युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर. तोच नकाशा, पण आडवा केलेला आणि पट्टा अरुंद ठेवलेला.