सामुद्रधुनीचे पाणी पाहणारा व्हाइसरॉय

मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा तिसवाडीला मुख्य भूमीपासून वेगळा करतो. या अरुंद जलमार्गाला दोन तोंडे आहेत आणि भरतीचे पाणी दोन्हींकडून आत शिरते. दोन्ही तोंडांशी भरतीची वेळ आणि उंची नेमकी सारखी नसते. पातळी जिकडे चढी, तिकडून पाणी सखल बाजूला ओढ घेते. सोळाव्या शतकात गोव्याची राजधानी याच पाण्याच्या वेढ्यात वसली होती. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूचा बांध साचून मांडवीचे मुख धोक्याचे झाले की जहाजांना जुवारीच्या मुखाचा आसरा घ्यावा लागे. कोणत्या मुखाशी किती पाणी आहे, हा तेव्हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. तो मोजमापाने सोडवू पाहणारा दों जुआंव द काश्त्रू १५३८ मध्ये गोव्याला आला.

त्याचा जन्म लिस्बनचा, इ. स. १५०० मधला. घराणे उमरावाचे. शिक्षण मात्र त्या काळच्या उमरावांना क्वचितच लाभणारे. थोर गणितज्ञ पेद्रु नुनिश याच्याकडून त्याने गणित आणि खगोलशास्त्र आत्मसात केले. अठराव्या वर्षी तो घर सोडून तांजेरला गेला. तांजेर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर वसलेले आहे. भूमध्य समुद्रात बाष्पीभवन अधिक, पाऊस आणि नद्यांचे पाणी कमी. म्हणून अटलांटिकचे पाणी वरच्या थरातून सतत आत येत राहते. हे कारण त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. पण समुद्राच्या चिंचोळ्या दाराशी प्रवाहाचा जोर किती असतो, हे तरुण काश्त्रूच्या नजरेसमोर होते.

व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्य याच्या ताफ्यातून येताना त्याने वाटेतच होकायंत्राच्या विचलनाची निरीक्षणे घेतली. जवळ ठेवलेली लोखंडी तोफ होकायंत्राची सुई फिरवते, हेही त्याच्या ध्यानात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गोव्याहून दीवकडे निघाला. या प्रवासाच्या वृत्तांतात कोकण किनाऱ्यावरील खाड्या आणि बंदरे, त्यांची खोली, तळ, आसऱ्याच्या जागा आणि भरती-ओहोटी यांचे वर्णन आहे. सोबत रेखाटलेले नकाशे आहेत. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांसाठीही त्याने वेळ काढला. जहाजावरच्या लढवय्याला ही उसंत मिळाली कशी, याचे आजही नवल वाटते.

काश्त्रूची खरी परीक्षा १५४१ मध्ये झाली. गव्हर्नर इश्तेव्हांव द गामा याचा ताफा सुएझ येथील तुर्की गलबते जाळण्यासाठी निघाला आणि त्यातील एका जहाजाचे नेतृत्व काश्त्रूकडे होते. जानेवारीच्या अखेरीस ताफा बाब-अल-मंदेबमध्ये शिरला. सुमारे ३० किलोमीटर रुंदीच्या या सामुद्रधुनीचे पेरिम बेट दोन भाग करते; पूर्वेचा मार्ग अवघा ३ किलोमीटरचा. हिवाळ्यात येथे वारा आणि वरचे पाणी दोन्ही तांबड्या समुद्राच्या आत जातात. जुलैत परतताना चित्र बदललेले असते. वारा उलटतो आणि पृष्ठभागाचे पाणी बाहेर पडू लागते. मोहिमेने ही सामुद्रधुनी दोन्ही ऋतूंत ओलांडली. सुएझची गलबते मात्र शाबूत राहिली, हेतू फसला.

काश्त्रूची रोजनिशी फसली नाही. समुद्राला तांबडा का म्हणतात, हा जुना वाद त्याने ग्रंथ उघडून नव्हे, तर बादली सोडून तपासला. वर काढलेले पाणी इतर समुद्रांसारखेच स्वच्छ निघाले. मग पाणबुडे खाली पाठवून तळाचे नमुने आणवले. तांबडे प्रवाळ हाती लागले.

जे त्याला दिसणे शक्य नव्हते, ते पाण्याच्या खाली होते. तांबड्या समुद्रातून वर्षाला सुमारे २ मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. उरलेले पाणी खारट, म्हणून जड होते आणि हिवाळ्यात सामुद्रधुनीच्या तळाने एडनच्या आखाताकडे वाहते. त्याच वेळी वरचे हलके पाणी उलट दिशेने आत येत असते. उन्हाळ्यात तर तीन थर होतात: वर बाहेर जाणारा पातळ प्रवाह, मधे आत शिरणारे थंड पाणी आणि तळाशी बाहेर जाणारी क्षीण धार. त्यावर रोजची भरती-ओहोटी प्रवाहाचा वेग वाढवते-घटवते. जहाजावरून हे उमगणे अशक्यच. १६७९ च्या सुमारास लुईजी मार्सिली याने बॉस्फरसमध्ये पांढरे रंगवलेले बुचांचे तुकडे बांधलेली दोरी खोल सोडली, खालचे तुकडे उलट दिशेला सरकताना पाहिले, तेव्हा कुठे असा दुहेरी प्रवाह मोजून सिद्ध झाला.

१५४५ मध्ये काश्त्रू गव्हर्नर म्हणून गोव्यात परतला आणि त्याच्या ज्ञानाची दुसरी बाजू उघड झाली. १५४६ च्या दीव वेढ्यात त्याचा मुलगा फर्नांदु सुरुंगाच्या स्फोटात मारला गेला. दीवचा किल्ला पुन्हा उभारण्यासाठी त्याने गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. ही कथा प्रसिद्ध आहे. त्यामानाने दाभोळची आठवण कमी निघते. ज्या किनाऱ्याची वर्णने त्याने काळजीपूर्वक लिहिली, त्यावरील या बंदराला १५४७ मध्ये त्याच्याच सैन्याने आग लावली. खाडीत पाणी किती आहे हे जाणणाऱ्याला आत कसे शिरावे हेही ठाऊक असते.

व्हाइसरॉयपदाची बातमी गोव्यात पोहोचून फार दिवस झाले नव्हते, तोच ६ जून १५४८ रोजी तो येथेच मरण पावला. परंपरा सांगते की अखेरच्या घटकेला फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होता. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. हस्तलिखिते मात्र दीर्घकाळ पोर्तुगीज छापखान्यापर्यंत पोहोचली नाहीत: तांबड्या समुद्राचा मूळ पोर्तुगीज वृत्तांत १८३३ मध्ये पॅरिसला छापला गेला आणि गोवा-दीव प्रवासाचा १८४३ मध्ये पोर्तू येथे.