नारळीकरांच्या वर्गातून कृष्णविवरापर्यंत

जयंत नारळीकरांचे वडील, एवढीच विष्णू वासुदेव नारळीकरांची ओळख अनेकांना असते. ती अपुरी आहे. १९०८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले विष्णुपंत केंब्रिजला शिकून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात आले. सापेक्षता सिद्धांत तेव्हा देशात मोजकेच लोक शिकवत. ते शिकवत राहिले. पुढे पुणे विद्यापीठातही. तिथे नरेश दधीच त्यांचे विद्यार्थी झाले.

फिरत्या कृष्णविवराजवळ कण फुटला, एक तुकडा आत पडला, तर दुसरा जादा ऊर्जा घेऊन सुटू शकतो, असे पेनरोज यांनी १९६९ मध्ये सांगितले होते. पण तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने विलग व्हायला हवेत! चुंबकीय क्षेत्रामुळे ही अडचण सुटते, हे १९८५ मध्ये वाघ, धुरंधर आणि दधीच यांनी दाखवले. गुरुजींनी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती. १९९१ मध्ये ते गेले.