सतरा हजार वाणांचा राखणदार

हरितक्रांतीच्या यशोगाथेत डॉ. राधेलाल रिछारिया यांचे नाव क्वचितच घेतले जाते. भाताच्या देशी वाणांविषयी बोलायचे झाले, तर मात्र त्यांच्या नावावाचून पुढे जाता येत नाही.

मध्य प्रदेशात जन्मलेल्या आणि केंब्रिजहून वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून परतलेल्या या शास्त्रज्ञाकडे १९५९ मध्ये कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेची धुरा आली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. त्या दुष्काळाला अनेक कारणे होती. त्यांत भातावरील तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचाही वाटा होता. भात रोगाला बळी पडले, तर माणसेही भुकेला बळी पडतात, हा धडा घेऊनच १९४६ मध्ये ही संस्था उभी राहिली होती.

साठच्या दशकाच्या मध्यास तैवानचे तायचुंग नेटिव्ह-१ आणि पाठोपाठ फिलिपिन्सचे आयआर-८ हे बुटके वाण देशात आले. खत भरपूर दिले तरी ते लोळत नसत आणि दाणेही विपुल देत. अन्नटंचाईने गांजलेल्या सरकारला त्यांचा मोह पडावा, हे स्वाभाविकच होते. रिछारियांचा आक्षेप उत्पन्नाला नव्हता, घाईला होता. परदेशी बियाण्याबरोबर रोगही येतात आणि एकाच वाणाने शिवार व्यापले की एकच रोग सारे शिवार घेऊन जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९६७ मध्ये त्यांना मुदतीपूर्वीच निवृत्त करण्यात आले. त्यांनी न्यायालयाची पायरी चढून दीर्घ लढा दिला आणि तो जिंकला.

दरम्यान शेतांनीही आपला निवाडा दिला. तायचुंग नेटिव्ह-१ जिवाणूजन्य करप्याला आणि हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या टुंग्रो विषाणूला सहज बळी पडणारे ठरले. आयआर-८ लाही टुंग्रोचा प्रतिकार करता येईना.

सत्तरच्या दशकात रिछारिया रायपूरच्या मध्य प्रदेश तांदूळ संशोधन संस्थेत आले. निधी तुटपुंजा, सहकारी मोजके; पण भोवती छत्तीसगड हे धानाचे कोठार. खेडोपाडी आणि बस्तरच्या आदिवासी पाड्यांवर फिरून त्यांनी देशी भाताचे सतरा हजारांहून अधिक नमुने गोळा केले. लवकर पिकणारे, सुवासिक, पाणथळ खाचरात तगणारे आणि उत्पन्नात नव्या वाणांशी बरोबरी करणारे असे नाना प्रकार त्यांत होते. हे वाण शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले आहेत, म्हणून ते त्यांच्याच शेतात जपले जावेत, असा त्यांचा आग्रह होता. एकाच रोपाचे फुटवे वेगळे करून लावण्याच्या पद्धतीनेही उत्पन्न वाढवता येते, असे ते मांडत.

पुढे ती संस्था बंद झाली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. १९८६ मध्ये गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून ही सारी हकिगत देशापुढे मांडली. १९९६ मध्ये रिछारियांचे निधन झाले. २००२ मध्ये रायपूरच्या विद्यापीठाने या संग्रहासंदर्भात सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार केला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि करार सोडून द्यावा लागला. आपली ठेव कोणती, हे लोकांना उमगले होते.

ही ठेव जपायची कशासाठी? ग्रासी स्टंट या विषाणूरोगाचा प्रतिकार शोधताना शास्त्रज्ञांनी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. हवा तो गुण सापडला तो उत्तर प्रदेशातील एका रानटी भातात. त्याच्या संकरातून आलेल्या आयआर-३६ ने पुढे आशियातील कोट्यवधी लोकांच्या ताटात भात वाढला. तो एक नमुना कोणी जपलाच नसता, तर पुढची सारी हुशारी व्यर्थ ठरली असती. म्हणजे नवे वाण घडवणारा आणि जुने वाण राखणारा हे एकमेकांचे वैरी नव्हेत. दुसऱ्यावाचून पहिल्याचे हात रिकामेच राहतात.

आपल्या खाजण शेतीतील खारे पाणी सोसणारा कोरगुट याच कुळातला. एखादा वाण शेतातून गेला की त्याच्यासोबत त्याचे गुणही जातात आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेत नव्याने पेरता येत नाहीत. रिछारिया आयुष्यभर सांगत राहिले ते एवढेच.