अटींवर मिळालेला प्रवेश

दहावीनंतर विज्ञान शाखेचा अर्ज हातात घेऊन पुन्हा बाजूला ठेवणाऱ्या मुली नंदुरबार जिल्ह्यात कमी नाहीत. धडगावच्या आश्रमशाळेतली असो की शहाद्याच्या कॉलेजातली, गणित झेपणार नाही, इंग्रजी पुस्तके कळणार नाहीत, हा विचार अर्ज भरण्याआधीच मनात येतो. गुण चांगले असले तरी येतो. अशा मुलींना कमला सोहोनी यांचे आयुष्य माहीत असायला हवे. त्यांच्या कुवतीबद्दल शंका घेणारा माणूस नोबेल पारितोषिक मिळवलेला शास्त्रज्ञ होता.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे घरातून आडकाठी नव्हती. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या मुलीला असे पाठबळ क्वचितच मिळते, हा फरक लपवण्यात अर्थ नाही.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई तडक बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही असे त्यांनी रामन यांना तोंडावर सांगितले. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट तर उघड अपमानच होता. तो त्यांना आयुष्यभर सलला.

तरी अटी मान्य करून त्या कामाला लागल्या. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीला लावलेली कसोटी अन्यायाची होती, पण तिचा उपयोग मागून येणाऱ्या मुलींना झाला. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. अन्नातून ऊर्जा मिळवताना पेशी ऑक्सिजन वापरते, त्या साखळीतला हा एक दुवा. माणसाच्या पेशीतही तो असतो. या कामावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. प्रबंधाच्या जाडीला भिणाऱ्या विद्यार्थिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

परदेशात राहणे शक्य असूनही त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. या मुंबईच्या काळातले काम आपल्या जेवणाच्या ताटाशी थेट जोडलेले आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडातून येणारा, प्रथिने पचवणारा पाचकरस. तो अडला की खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांतील हे घटक तपासले. नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. म्हणून कडधान्य भिजवून, मोड आणून, मऊ शिजवावे, आणि बाळाला भरवायची डाळ तर कच्चट राहूच देऊ नये. गरिबाच्या घरी प्रथिन येते ते मुख्यत्वे डाळीतून. ते वाया जाणे परवडत नाही.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असते, आणि आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा लाभ होतो, असे त्यांना दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. (नीरा पहाटे ताजीच प्यावी. ऊन चढले की ती आंबून ताडी होते. मधुमेह असणाऱ्यांनी तिच्यातल्या साखरेचा विचार करावा.) कुपोषण आणि रक्तक्षय यांच्याशी रोज झुंजणाऱ्या नंदुरबारसारख्या जिल्ह्याला असे संशोधन आजही हवे आहे. पाड्यावरच्या चुलीवर काय शिजते हे जिला घरूनच ठाऊक आहे, ती मुलगी ते अधिक नेमके करू शकेल.

एवढे करूनही मुंबईच्या संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे ते दूर ठेवले गेले. केंब्रिजची पदवी, पुरस्कार, विद्यार्थ्यांची फळी, सारे असताना. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी यावर त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी लिहिले.

वयाची ऐंशी ओलांडल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना गौरवासाठी दिल्लीला बोलावले. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.