खाशाबा जाधव : पदकामागे उभी राहिलेली माणसं आणि हेलसिंकीत नसलेला वस्ताद

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे कळंबोलीपासून सुरू होतो. रोज रात्री इथून सातारा, कराड, कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्या भरून निघतात. त्यातल्या एखाद्या गाडीने कराडला उतरलात, की अगदी जवळ गोळेश्वर नावाचं गाव लागतं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव याच गावचे.

२३ जुलै १९५२. हेलसिंकी. कुस्तीत कांस्यपदक. एवढं बहुतेकांना माहीत असतं. १५ जानेवारीला त्यांचा वाढदिवस आला की स्टेटसला फोटोही लागतात.

पण खाशाबांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने बघता येतं. हा माणूस जेव्हा जेव्हा अडला, तेव्हा तेव्हा त्याच्यासाठी कोण उभं राहिलं? आणि जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हा कोण नव्हतं?

तालीम आणि वस्ताद

खाशाबांचा जन्म १९२६ सालचा. पाच भावांत ते सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराचे पहिले वस्ताद घरातच होते. पाचव्या वर्षापासून त्यांनी खाशाबांना कुस्तीचे धडे दिले. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं. १९४२ च्या चळवळीत या पोराने भूमिगतांना आसरा देण्याची, त्यांचे निरोप पोचवण्याची कामंही केली.

आजच्या भाषेत वस्ताद म्हणजे कोच. पण तालमीतल्या वस्तादाचं काम डाव शिकवून संपत नाही. पैलवानाला पहाटे कधी उठवायचं, खुराक काय द्यायचा, जोर-बैठका किती काढून घ्यायच्या, हे सगळं तोच बघतो. कुणाशी जोड लावायची हेही तोच ठरवतो, आणि हे काम सगळ्यात नाजूक. कच्च्या पोराची जोड भलत्याच तगड्या पैलवानाशी लावली, तर पोरगं अंगाने मोडतं आणि मनानेही. मैदानात कुस्ती लागली की वस्ताद हौद्याच्या कडेला असतो. तिथून ओरडून डाव सांगतो. आणि पोरगं चितपट झालं तर त्याच्या पाठीवरची माती झटकणारा पहिला हात बहुतेक वेळा त्याचाच असतो.

खाशाबा शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले, तेव्हा पहिली अडचण वेगळीच होती. अंगाने ते धिप्पाड नव्हते. उंची साधारण साडेपाच फूट. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचं नाव घ्यायलाच क्रीडा शिक्षकांनी नकार दिला, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. खाशाबा थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना खेळू दिलं. मग या बुटक्या पोराने अनुभवी पैलवानांना एकेक करत पाडलं. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी या काळात त्यांचे मार्गदर्शक होते. ‘ढाक’ हा डाव म्हणजे तर त्यांची ओळखच झाली.

खर्डेकरांनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. फक्त दार उघडलं. अशा माणसाला कोच म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा आहे. पण पुढे काय झालं ते वाचा आणि मग ठरवा.

मातीतून मॅटवर

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. गडी लंडनला पोचला, पण समोर होती मॅट.

ज्यांनी मातीतली कुस्ती पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. आपल्याकडे कुस्ती निकाली. समोरच्याला आस्मान दाखवलं की संपलं, गुणांचा हिशोब नाही. मॅटवर वेळेची मर्यादा, वजनी गट, पंचांचे गुण, आणि पायाखालची पकडच वेगळी. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तसा रोवता येत नाही. वर्षानुवर्षं अंगात भिनलेल्या सवयी एका झटक्यात निरुपयोगी ठरू शकतात.

इथे त्यांना भेटले अमेरिकेचे रीस गार्डनर. स्वतः लाइटवेट गटात नाव काढलेले कुस्तीगीर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांनी मॅटचा सराव केला आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. ज्या पृष्ठभागावर आधी धड खेळलोच नाही, त्यावर जगात सहावं येणं ही लहान गोष्ट नाही. पण पदक हुकलं ते हुकलंच. पुढची चार वर्षं खाशाबांनी वरच्या वजनी गटासाठी घाम गाळला. या काळातले त्यांचे प्रशिक्षक म्हणून गोविंद पुरंदरे यांचं नाव घेतलं जातं.

एक कुस्ती परत, आणि सात हजार रुपये

हेलसिंकीचा रस्ता आणखी खडतर होता. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांच्याविरुद्धच्या लढतीचा निकाल खाशाबांच्या विरोधात गेला. गुण देताना अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार करून गप्प बसणारे खूप असतात. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज क्रीडाप्रेमी आणि ऑलिम्पिकच्या कारभारात वजन असलेले. त्यांनी परत लढत लावून दिली. खाशाबांनी दास यांना चितपट केलं आणि हेलसिंकीसाठी निवड झाली.

निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे?

प्रवास, राहणं, खाणं, सगळं स्वतः उभं करायचं होतं. गावाने वर्गणी काढली. ओळखीच्यांनी, दुकानदारांनी जमेल तसं दिलं. सरकारदरबारी हेलपाटे झाले, पण त्यावर भागण्यासारखं नव्हतं. शेवटी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार रुपये, १९५२ साली. आणि कुस्तीत पदक येईलच याची कुणालाही खात्री नसताना. पोराने पदक आणलं नाही तर घर सोडवणार कसं, हा प्रश्न खर्डेकरांच्या घरात कुणी विचारला नसेल, असं मानणं कठीण आहे.

हेलसिंकीतला तो अर्धा तास

५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या अ‍ॅड्रियन पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवलं. शेवटी उरले तिघं : जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

इशींबरोबरची कुस्ती खूप लांबली आणि खाशाबा हरले. दम लागलेला, अंग घामाने निथळतंय. आणि लगेच ममदबेयोवबरोबरच्या लढतीसाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. खाशाबांच्या आयुष्यावर जिथे जिथे लिहिलं गेलं आहे, तिथे हा प्रसंग असाच येतो.

विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. इशींनी सुवर्ण जिंकलं, ममदबेयोवनी रौप्य. दोघेही जगातले अव्वल गडी होते. पण तो अर्धा तास खाशाबांच्या हक्काचा होता.

दमलेला खेळाडू स्वतः नियमावली उघडून भांडू शकत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत तर नाहीच. त्याचं डोकं पुढच्या डावात असतं. अशा वेळी शांत डोक्याने बोलणारा दुसरा माणूस लागतो. तालमीतल्या कुठल्याही वस्तादाने हे काम न सांगता केलं असतं. पोरगं दमलंय, थांबा, एवढंच बोलायचं होतं.

आज आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रत्येक पैलवानाच्या कोपऱ्यात कोच बसलेला असतो. पंचांचा निर्णय पटला नाही तर तो फोमचा मऊ ठोकळा मॅटवर टाकतो आणि व्हिडिओ तपासायला लावतो. तपासणीत कोच चुकला तर समोरच्याला गुण मिळतो, म्हणून तिथेही डोकं थंड लागतं. रिओ ऑलिम्पिकमध्ये साक्षी मलिकच्या कांस्यपदकाच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने शेवटी असाच ठोकळा पडला. दावा फेटाळला गेला आणि ७-५ चं ८-५ झालं. खाशाबांच्या कोपऱ्यातून ठोकळा पडणं सोडा, साधा आवाजही आला नाही.

तरीही कांस्य आलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, म्हणजे दुसरं पदक थोडक्यात निसटलं. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. ते १९९६ मध्ये टेनिसमध्ये लिअँडर पेसने आणलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला तर तब्बल ७२ वर्षं गेली. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्निल कुसाळेने ते जिंकलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या.

परतफेड

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनवर माणसांचा पूर आला होता. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांचा गोळेश्वरचा रस्ता पार करायला सात तास लागले, असं सांगतात.

मिरवणूक संपली आणि खाशाबा कामाला लागले. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, जिंकले. त्यातून जमलेले पैसे त्यांनी खर्डेकरांच्या हातात ठेवले आणि गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदकविजेता घरी आल्यावर आधी गुरूचं कर्ज फेडायला कुस्त्या खेळतो, हे आज वाचताना चित्रपटातलं वाटतं. तेव्हा ती साधी गरज होती.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, पुढे खेळाचं प्रशिक्षणही दिलं. २७ वर्षं नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं.

अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तोही जाण्यानंतर १५-१६ वर्षांनी. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारायची घोषणाही झाली होती. पोरांना मॅट मिळावी, शिकवणारा मिळावा, एवढीच त्यामागची अपेक्षा. वर्षं गेली, काम काही पुढे सरकलं नाही. शेवटी २०१७ मध्ये, संकुलासाठी पैसे उभे करायला हेलसिंकीचं ते कांस्यपदक लिलावात काढू, असं खाशाबांच्या कुटुंबाला जाहीरपणे सांगावं लागलं.